नियम कोणासाठी?

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनजिल्हे आहेत. पूर्वी हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. साग, मोह, तेंदू आणि बांबू यांची वने आणि वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्या ही या प्रदेशाची संपत्ती होय. येथील भाषाही अनेक आहेत. कोणाच्या घरी झाडीबोली बोलली जाते, कोणाच्या घरी गोंडी किंवा माडिया. दक्षिणेस सिरोंच्याकडे तेलुगू ऐकू येते, तर पूर्व सीमेवर छत्तीसगडी. आश्रमशाळेच्या पटांगणावर अशा निरनिराळ्या घरांतील मुले एकत्र येतात. पहिले काही दिवस त्यांना एकमेकांचे बोलणे नीट समजत नाही. परंतु खेळ मात्र लवकर समजतो. ज्याला खेळाचे नियम ठाऊक झाले, तो त्या पटांगणावर परका राहत नाही.

भाताची कापणी होऊन बांध्या मोकळ्या झाल्या, की गावोगाव विटीदांडूचा खेळ रंगतो. या खेळाला विकत आणावे असे काहीच लागत नाही. हात-दीड हात लांबीचा एक दांडू आणि वीतभराहून लहान, दोन्ही टोकांना निमुळती केलेली विटी, एवढे साहित्य पुरते. जमिनीत एक लहान लांबट खळगा करतात. त्याला गल म्हणतात. गलावर विटी आडवी ठेवायची, दांडूचे टोक तिच्याखाली घालायचे आणि ती दूर कोलायची. समोरच्या मुलांनी ती वरचेवर झेलली, तर कोलणारा बाद होतो. झेलता आली नाही, तर ती उचलून गलावर ठेवलेल्या दांडूवर नेम धरून फेकायची. नेम लागला तरीही तो बाद होतो. नेम चुकला, तर मात्र खेळणाऱ्याला विटीच्या टोकावर दांडू मारून तिला उडवण्याची आणि हवेतच टोला देण्याची संधी मिळते. गावोगाव या रीतीत थोडाफार फरक आढळतो. पण खेळाचा गाभा हाच.

विटी जेथे पडेल तेथून गलापर्यंतचे अंतर दांडूने मोजतात. या मोजणीचे शब्द मोठे मौजेचे आहेत. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुले 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे म्हणत मोजतात. पुण्याकडील मुलाला हे शब्द निरर्थक वाटतात. सिरोंच्याच्या मुलाला मात्र त्यांत आपल्या घरचे अंक ऐकू येतात. कारण तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे म्हणतात. गोंडीतही तीनला मुंड आणि चारला नालुंग हे शब्द आहेत. भाषांच्या सीमा ओलांडून हा खेळ मुलांच्या तोंडून मुलांच्या कानी गेला आणि जाताना आपले अंकही बरोबर घेऊन गेला. त्याचे नियमही असेच, कोणी लिहून न ठेवता, पिढ्यानपिढ्या चालत आले.

न लिहिलेल्या नियमांत एक सोय असते. जागा, वेळ आणि गडी पाहून ते बदलता येतात. परंतु त्यांत एक उणीवही असते. वाद निर्माण झाला, म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे खरे ठरते. मोठी मुले डावामागून डाव घेतात आणि लहान मूल सारी संध्याकाळ दूर गेलेली विटी आणून देण्याचे काम करते. त्याच्या हाती दांडू येईपर्यंत अंधार पडतो. गावातील मूल अशा वेळी रुसून आपल्या घरी जाते. आश्रमशाळेतील मुलाचे घर मात्र कित्येक कोस दूर असते. शाळेचे पटांगण हेच त्याचे अंगण आणि सोबती हीच त्याची भावंडे. खेळातून वगळले गेले, तर त्याने जावे कोठे?

दुसरी गोष्ट याहूनही गंभीर आहे. विटीची टोके निमुळती असतात आणि टोला बसताच ती मोठ्या वेगाने सुटते. विटी लागून मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याची उदाहरणे आपल्या देशातील नेत्रवैद्यांना चांगलीच परिचित आहेत. असा एक टोला जन्माची दृष्टी हिरावून घेऊ शकतो. म्हणून खेळाचे नियम ठरवताना दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत: प्रत्येकाला खेळायला मिळेल काय? आणि प्रत्येकजण धडधाकट घरी परतेल काय?

नेमके हेच प्रश्न एकदा दूर अमेरिकेतील एका शिक्षकापुढे उभे राहिले होते. इ. स. १८४४ मध्ये लंडन येथे जॉर्ज विल्यम्स आणि त्याचे सोबती यांनी 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन' ही तरुण ख्रिस्ती लोकांची संस्था स्थापन केली. तिलाच संक्षेपाने वाय.एम.सी.ए. असे म्हणतात. शहरात एकाकी पडलेल्या तरुणांना सत्संग, वाचन आणि पुढे व्यायाम यांचा लाभ करून देणे, हे तिचे कार्य होते. या संस्थेच्या अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील विद्यालयात जेम्स नेस्मिथ हा शिक्षक होता. त्याचा जन्म १८६१ साली कॅनडात झाला. लहानपणीच तो आईबापांना पारखा झाला. मोठेपणी त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला. परंतु धर्मोपदेशक न होता त्याने व्यायामशिक्षकाचे काम पत्करले. तरुणांचे चारित्र्य घडवण्याचे कार्य क्रीडांगणावरही करता येते, असा त्याचा विश्वास होता.

१८९१ सालच्या हिवाळ्यात त्याच्याकडे अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग आला. बाहेर कडाक्याची थंडी असल्यामुळे मैदानी खेळ बंद होते आणि बंदिस्त व्यायामशाळेतील नेहमीच्या कवायतीला ते तरुण कंटाळले होते. त्यांच्यासाठी नवा खेळ शोधण्यास नेस्मिथला चौदा दिवसांची मुदत मिळाली. त्याने प्रथम मैदानावरील खेळच आत खेळवून पाहिले; परंतु लाकडी जमिनीवर मुले एकमेकांवर आदळू लागली आणि तो प्रयत्न फसला.

मग तो शांतपणे विचार करू लागला. खेळाडू एकमेकांना पाडतात कशासाठी? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवण्यासाठी. तर मग चेंडू घेऊन पळण्यासच बंदी केली, म्हणजे पाडण्याचे कारण उरणार नाही! अशा रीतीने, ज्याच्या हाती चेंडू आला त्याने तो त्याच जागेवरून दुसऱ्याकडे फेकला पाहिजे, हा नियम जन्मास आला. पुढचा प्रश्न असा, की चेंडू जोराने फेकला तर समोरच्याला इजा होईल. तेव्हा त्याला बालपणीचा एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर ठेवलेला लहान दगड मुले दुरून दगड मारून पाडीत असत. त्या खेळात नुसता जोर उपयोगी पडत नसे. हलक्या हाताने, वरून कमानीसारखा टाकलेला दगडच खेळाडूला फायद्याचा ठरे. नेस्मिथने लक्ष्य उंच आणि आडवे ठेवले, म्हणजे त्यात चेंडू हलकेच वरून टाकावा लागेल. शाळेच्या रखवालदाराने पीच नावाची फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या दहा फूट उंचीवर सज्जाला ठोकण्यात आल्या. बास्केट म्हणजे टोपली. त्यावरून या खेळाला बास्केटबॉल हे नाव पडले.

२१ डिसेंबर १८९१ रोजी पहिला सामना झाला. नेस्मिथने तेरा नियम लिहून फलकावर लावले होते. धक्का देणे, पकडणे, पाय घालून पाडणे यांस मनाई होती आणि ही मनाई मोडली किंवा नाही, हे ठरवण्यासाठी पंच नेमलेला होता. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून दोन्ही बाजूंस नऊ-नऊ गडी घेण्यात आले. बाहेर बसून पाहणारा कोणी उरला नाही. साऱ्या सामन्यात एकदाच चेंडू टोपलीत पडला. टोपलीला बूड असल्याने तो वर चढून काढावा लागला! पुढे टोपलीचे बूड गेले आणि जाळी आली. चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याची युक्ती खेळाडूंनी शोधून काढली आणि तीही नियमांत बसवली गेली. नियम हा दगडावर कोरलेला लेख नव्हे. त्याचा हेतू कायम ठेवून त्याचे रूप बदलता येते.

चार वर्षांनी, १८९५ मध्ये, याच संस्थेतील विल्यम मॉर्गन या शिक्षकापुढे निराळी अडचण होती. त्याच्याकडे व्यायामास येणाऱ्या प्रौढ माणसांना बास्केटबॉलमधील धावपळ झेपत नव्हती. त्याने दोन संघांच्या मधोमध जाळी बांधली आणि चेंडू हातांनी तिच्यावरून टोलवण्याचा खेळ योजला. जाळी मध्ये असल्यामुळे एकमेकांवर आदळण्याचा प्रश्नच मिटला. हाच व्हॉलीबॉल होय. नेस्मिथने तरुणांसाठी नियम केले. मॉर्गनने थकलेल्या शरीरांसाठी केले. दोघांनीही आधी माणसे पाहिली आणि मग खेळ ठरवला. वाय.एम.सी.ए.च्या शिक्षकांनी हे दोन्ही खेळ भारतातही रुजवले. त्यांपैकी हॅरी बक याने १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले. तेथे शिकलेल्या शिक्षकांमुळे हे खेळ भारतातील अनेक शाळांत पोचले.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. खो-खो हा जुना देशी खेळ. त्याला नियमबद्ध रूप देण्याचा आरंभ पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली केला. त्यातील एक नियम पाहण्यासारखा आहे. पळणाऱ्या गड्याला बसलेल्या गड्यांमधून वाट काढत मधली रेषा ओलांडता येते. पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. त्यामुळे केवळ उंच आणि बळकट मुलगाच जिंकतो असे होत नाही. लहान पण चपळ मूल मोठ्याला चकवू शकते. त्याच १९१४ साली विदर्भात अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी आणि इतर भारतीय व्यायामप्रकार यांची प्रात्यक्षिके करून दाखवली. ऑलिंपिकच्या सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला तोही त्याच वर्षी, आणि तो पाहण्यास वृद्ध नेस्मिथ बर्लिनमध्ये उपस्थित होता.

हे झाले मोठ्यांचे खेळ. अगदी लहान मुलांचे काय? अमेरिकेत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. त्यात एक गडी चेंडू वेगाने फेकतो आणि दुसरा तो गोल दांड्याने टोलवतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अंगावर येणारा चेंडू टोलवता येत नाही. तो पुनःपुन्हा चुकतो, बाद होतो आणि हिरमुसतो. म्हणून लहानांसाठी टी-बॉल हा खेळ निघाला. यात चेंडू फेकणारा गडीच नसतो. मुलाच्या कमरेइतक्या उंच खुंटावर चेंडू स्थिर ठेवलेला असतो. मुलाने तो टोलवायचा आणि धावायचे. तेथील अनेक चर्चे आपल्या परिसरातील मुलांसाठी असे सामने भरवतात. खेळाच्या आरंभी किंवा शेवटी मुले एकत्र प्रार्थना करतात, दोन्ही संघ एकमेकांशी हस्तांदोलन करतात आणि प्रत्येक मुलाला खेळवण्यावर भर दिला जातो.

टी-बॉलचे नियम नीट पाहिले, तर प्रत्येकामागचे कारण दिसून येते. साधारणपणे प्रत्येक फेरीत संघातील सर्व मुलांना एकदा तरी दांडा धरायला मिळतो. कारण खेळल्यावाचून खेळ येत नाही. मैदानावरील जागा आळीपाळीने बदलतात. कारण एकच मूल कायम दूरच्या कोपऱ्यात उभे राहिले, तर त्याचे लक्ष उडते. चेंडू नेहमीपेक्षा मऊ असतो आणि खेळणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. कारण नवख्या हातांचा नेम चुकणारच. चेंडू टोलवल्यावर दांडा भिरकावू नये, अशी ताकीद असते. कारण मागे दुसरे मूल उभे असते. अगदी लहानांच्या सामन्यात पुष्कळदा गुणही मोजत नाहीत.

गुण मोजायचेच नाहीत, तर तो खेळ कसला, असे एखाद्याला वाटेल. ही शंका अगदीच चुकीची नाही. बारा वर्षांच्या मुलांना हारजीत हवी असते आणि ती असावीही. चुरशीवाचून कौशल्य वाढत नाही. पण पाच वर्षांच्या मुलाला प्रथम खेळाची गोडी लागली पाहिजे. वय वाढेल तसे नियमही वाढतात. पायरी चढण्यापूर्वी उंबरठा तरी ओलांडता यावा, एवढ्यासाठीच ही सवलत असते.

आता विटीदांडूकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. टी-बॉलप्रमाणेच विटीदांडूतही फेकणारा नसतो. विटी गलावर स्थिर असते आणि खेळणारा आपल्या बेताने ती कोलतो. लहानांना सोयीची ही युक्ती आपल्या खेळात फार पूर्वीपासून आहे; तिला काही विचारपूर्वक नियमांची जोड दिली, की पुरे. ते नियम पुढीलप्रमाणे करता येतील:

१. खेळणाऱ्याच्या मागे व दोन्ही बाजूंस दहा पावलांच्या आत कोणी उभे राहू नये. समोरच्या गड्यांनीही याहून जवळ येऊ नये.

२. टोला देण्यापूर्वी खेळणाऱ्याने मोठ्याने इशारा द्यावा. सर्वांचे लक्ष विटीकडे आहे, हे पाहूनच दांडू उचलावा.

३. प्रत्येक गड्याला एक डाव मिळेपर्यंत कोणालाही दुसरा डाव मिळू नये. डावाचा आरंभ सर्वांत लहान गड्यापासून करावा. म्हणजे अंधार पडला तरी त्याचा डाव बुडणार नाही.

४. अंतर मोजताना दोन्ही बाजूंचा एकेक गडी बरोबर असावा आणि मोजणी एकाच दांडूने व्हावी.

५. झेलणाऱ्यांच्या जागा प्रत्येक डावानंतर बदलाव्यात. विटी आणून देण्याचे काम एकावरच पडू नये.

६. निर्णयाविषयी दोन्ही बाजूंचे एकमत झाले नाही, तर तो टोला रद्द समजून पुन्हा खेळावा.

७. आठ वर्षांखालील मुलांनी विटीऐवजी चिंध्यांचा चेंडू घ्यावा.

शेवटच्या नियमासाठी लागणारे साहित्य वनप्रदेशात सहज मिळते. मुलाच्या कमरेइतका उंच राहील असा जाड बांबूचा तुकडा घेऊन तो जमिनीत घट्ट रोवावा. वरच्या टोकाच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. बांबू पोकळ असल्यामुळे त्याच्या तोंडावर चिंध्यांचा चेंडू आपोआप नीट बसतो. एवढ्याने टी-बॉलचा खुंट तयार होतो. लहान मुलांनी यावर हात बसवावा आणि मोठे झाल्यावर विटी हाती घ्यावी.

नियम लिहिणे सोपे असते, पाळणे कठीण. पंच समोर असताना नियम पाळण्यास फारसे धैर्य लागत नाही. जेव्हा पंच नसतो, दांडू आपल्या हाती असतो आणि समोरचा गडी लहान असतो, तेव्हाच नियमाची खरी कसोटी लागते. अशा वेळी थोराड मुलाने नियम मोडला, तर त्याला अडवणारे कोणी नसते. म्हणूनच नियम पाळण्याची मोठी जबाबदारी बलवानावर असते आणि नियमाची मोठी गरज दुबळ्याला असते. ज्या पटांगणावर बलवान मुलगा आपला डाव संपताच, कोणी न सांगता, दांडू दुसऱ्याच्या हाती देतो, तेथे नव्याने आलेल्या, भाषा न येणाऱ्या मुलालाही आपण येथले आहोत असे वाटू लागते.

स्वाध्याय

१. चेंडू घेऊन पळण्यास नेस्मिथने बंदी का केली?
२. विटीदांडू आणि टी-बॉल या खेळांत कोणते साम्य आहे?
३. 'डावाचा आरंभ सर्वांत लहान गड्यापासून करावा,' या नियमामागील कारण तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावी विटीदांडूत अंतर मोजताना कोणते शब्द वापरतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा.
५. तुमच्या आवडीच्या एखाद्या देशी खेळाचे पाच नियम लिहा आणि प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण द्या.